विंडोज टाकणे : एका वगळलेल्या पायरीची हकीकत

इतिहास म्हटला म्हणजे तह, लढाया आणि राजवंश डोळ्यांपुढे आणण्याची आपल्याला सवय आहे. खात्यात नवा माग कधी बसला, हजेरीचे पुस्तक जाऊन पंचिंगचे कार्ड कधी आले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. काम करणाऱ्या माणसाचा इतिहास मात्र पुष्कळसा अशाच नोंदींत सापडतो. आज आम्ही तसल्याच एका साध्या कामाची हकीकत सांगणार आहोत.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज एक्सपी' ही कार्यप्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि पुढे कित्येक वर्षे आपल्याकडच्या कचेऱ्या, पतपेढ्या, झेरॉक्सची दुकाने आणि आमच्यासारख्यांच्या युनियनच्या खोल्या तिच्यावर चालल्या. कार्यप्रणाली म्हणजे काय, हे गिरणगावच्या माणसाला सांगावयाचे तर खात्यातला जॉबर. कोणते काम आधी, कोणते नंतर, कोणाला किती जागा, हे तो ठरवितो. तो नसला तर माग जागच्या जागी उभे. हा जॉबर यंत्रात आणून बसविण्याला लोक 'विंडोज टाकणे' म्हणत, आणि जुने सारे पुसून नव्याने टाकावयाचे झाले तर 'फॉरमॅट मारणे'. हे काम करणारी मुले पाठीवरच्या पिशवीत सीड्यांचे पाकीट घेऊन दुचाकीवरून गावभर हिंडत. त्यांचे कौशल्य कोणत्याही मजुरीच्या तक्त्यात बसत नसे.

पायऱ्या अशा होत्या. यंत्र सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ ची कळ दाबून आतल्या मूळ मांडणीत शिरावयाचे आणि सीडी आधी वाचावी असे सांगून ठेवावयाचे. मग 'कोणतीही कळ दाबा' असा संदेश चार-पाच सेकंद पडद्यावर येई. तेवढ्यात दाबली नाही, तर गाडी सुटली. पुढे निळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरे. नव्या जातीची हार्ड डिस्क असली तर याच वेळी एफ-६ दाबून फ्लॉपीवरून तिची ओळख करून द्यावी लागे. नाहीतर यंत्र खुशाल सांगे की डिस्क नाहीच. त्यानंतर एंटर, आणि मग करारपत्र.

या करारपत्रापाशी आम्हांला नेहमी गंमत वाटते. पगाराच्या एका करारासाठी आम्ही मंडळी महिनोन्महिने टेबलाशी बसतो, एकेका शब्दावरून उठून जातो, पुन्हा येतो. इथे पानामागून पान इंग्रजी कायदा, आणि खाली दोनच वाटा : एफ-८ म्हणजे मान्य, एस्केप म्हणजे चालते व्हा. वाटाघाटीची कळ त्या कळफलकावर नव्हती. एफ-८ दाबण्यापूर्वी ते वाचणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही.

मग डिस्कचे वाटे पाडावयाचे : डी ने जुना वाटा मोडावयाचा, सी ने नवा पाडावयाचा. फॉरमॅट झाला, फायली उतरल्या, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले, की 'कोणतीही कळ दाबा' हा संदेश परत येई. या खेपेस मात्र हात आखडून बसावयाचे. कळ दाबली तर सारे पहिल्यापासून. पुढे रंगीत पडदा येई आणि डावीकडे लिहून येई की ३९ मिनिटे बाकी. ती ३९ मिनिटे घड्याळाच्या हिशेबाने क्वचितच चालत. यंत्र जुने असले तर तासावर जात. मेकॅनिक चहाला जाई तो याच वेळी.

आणि याच वेळी ती पायरी येऊन जाई. 'प्रदेश आणि भाषा' अशा मथळ्याची एक खिडकी उघडे. तिच्यात दोन बटणे महत्त्वाची : एक 'कस्टमाइझ', दुसरे 'नेक्स्ट'. बहुतेक जण नेक्स्ट दाबीत. कस्टमाइझ दाबून भाषांच्या पानावर गेले, तर तिथे एक रिकामा चौकोन दिसे : गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी लागणाऱ्या फायली घालावयाच्या काय? त्या गुंतागुंतीच्या लिप्यांत अरबी, हिब्रू, थाई यांच्याबरोबर भारतीय लिप्या होत्या, आणि त्यांत आपली देवनागरी. चौकोनात खूण नसे. ती आपण करावयाची. दीड गिगाबाइट जागा मागणाऱ्या कार्यप्रणालीत या फायलींना सुमारे १० मेगाबाइट पुरत. त्यानंतर थोड्याच वेळाने कालविभाग विचारणारी खिडकी येई. तिथल्या यादीत मुंबईचे नाव ठळक होते! मुंबईचे घड्याळ यंत्राला ठाऊक होते, मुंबईची लिपी मात्र मागून घ्यावी लागे.

'गुंतागुंत' कशाची, तेही समजून घेतले पाहिजे. 'हिशेब' हा शब्द घ्या. बोलताना ह आधी आणि इकार मागून. यंत्राच्या स्मरणातही तोच क्रम असतो. पडद्यावर मात्र वेलांटी ह च्या डावीकडे यावी लागते. जोडाक्षरात एक अक्षर दुसऱ्यात मिसळावे लागते. ही जुळणी करणारा विंडोजमधला कारागीर म्हणजे त्या फायली. त्या नसल्या की कोठे रिकामे चौकोन, कोठे पाय मोडलेली सुटी अक्षरे, तर कोठे वेलांटी चुकीच्या बाजूला. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती, म्हणजे अक्षरांना जगभर मान्य असे क्रमांक होते. या सोयीबरोबर 'मंगल' नावाचा टंकही मिळे. तो रेखला र. कृ. जोशी यांनी. जोशी मूळचे कोल्हापूरचे. अक्षरावर प्रेम करणारा कवी आणि सुलेखनकार माणूस. एका मराठी माणसाची ही कामगिरी घरोघरच्या सीडीत पडून होती आणि एका खुणेअभावी बाहेर येत नव्हती.

मागाहून ती खूण करता येत असे. पण केली की यंत्र सीडी मागे, आणि सीडी तर मेकॅनिकच्या पिशवीत परत गेलेली! मग लोकांनी दुसरी वाट धरली. बाजारात मराठीचे निराळे टंक मिळत. त्यांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर मराठी आकार बसवावयाचा. कागदावर छान मराठी उमटे, पण फायलीच्या पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी. तो टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की खिचडीच ताटात. नावांची यादी अकारविल्हे लावणे अशक्य, एखादे नाव शोधणे अशक्य.

कामगाराला याचे काय, असे कोणी विचारील. त्या काळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्या लागत. एका कारखान्यात, त्याचे नाव येथे नको, आम्ही मराठी सूचनेचा आग्रह धरला तेव्हा उत्तर मिळाले की कॉम्प्युटरवर मराठी येत नाही. टंकलेखन यंत्रावर येत होती ती मराठी कॉम्प्युटरवर येत नाही, हे आमच्या सभासदांनी पुष्कळ दिवस खरे मानले. हजेरीपटावर नावे इंग्रजीत गेली. 'केएएलई' म्हणजे काळे की काले? 'एसएटीएचई' म्हणजे साठे की साथे? प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर एक स्पेलिंग, बँकेच्या पासबुकात दुसरे, आणि निवृत्त माणूस दोन्ही कागद घेऊन खिडकीशी उभा.

यंत्राविषयीचा आमच्या चळवळीचा जुना वाद नोकऱ्यांचा होता, आणि तो योग्यच होता. साठीच्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, पुढे वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९७२ चा. १९८३ साली बँकांत यंत्रीकरणाचा करार झाला. त्या यंत्रांपुढे माणसे किती राहणार हा प्रश्न होता. आता यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर आले, तेव्हा त्याने कोणाच्या अक्षरांत बोलावे हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर करारात लिहिलेले नव्हते, नेक्स्ट नावाच्या बटणात होते.

पुढे आम्ही आमच्या कचेरीत एक कागद टाइप करून भिंतीला लावला : सीडी परत देऊ नये, भाषांच्या पानावरची खूण करावी, कळफलकांत मराठी जोडावे. हा कळफलक इन्स्क्रिप्ट पद्धतीचा. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. रेमिंग्टन पद्धतीवर हात बसलेल्या टंकलेखकांना तो नव्याने शिकणे जिवावर येई, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. वीस वर्षांचे बोटांतले शिक्षण कोणी फुकट टाकीत नाही. तरुण मुले मात्र पंधरा दिवसांत त्यावर पत्रके काढू लागली.

जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून भारतीय लिप्यांची सोय न मागता मिळू लागली आणि तो रिकामा चौकोन नाहीसा झाला. एक्सपीची देखभाल कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली. आमच्या कपाटात त्या वर्षांतल्या सभांची इतिवृत्ते अजून सीड्यांवर आहेत. काही मंगलमध्ये आहेत, ती कोणत्याही यंत्रावर उघडतात. बाकीची त्या निराळ्या टंकांतली आहेत, आणि एक सभासद रविवारी येऊन ती एकेक करून नव्याने टाइप करीत आहे.