समुद्रतळाची साक्ष

तेलामुळे होणारे प्रदूषण म्हटले की, श्रोतेहो, पाण्यावर पसरलेला काळा तवंग आणि पंख माखलेले पक्षी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु तेलविहिरीचा एक उपद्रव असा दिसत नाही. तो खनिजांचा आहे, आणि तो मोजावा कसा हे उमगावयास मनुष्याला बराच काळ लागला.

विहीर खोदताना गिरमिट तापू नये, खडकाचा चुरा वर यावा आणि भूगर्भातील दाब आवरला जावा, यासाठी विहिरीत चिखल खेळवतात. १९०१ साली टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे गुरांकडून तुडवून घेतलेला चिखल वापरला गेला, असे सांगतात. १९२० नंतरच्या दशकात हा चिखल जड करण्यासाठी त्यात बराइट मिसळू लागले. बराइट म्हणजे बेरियम सल्फेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून स्वतः फारसे विषारी नाही; पण त्याच्या सोबतीने पारा, कॅडमियम आणि शिसे यांचे अंश येऊ शकतात.

उत्तर समुद्रातील एकोफिस्क क्षेत्रातून १९७१ साली तेल निघू लागले. पुढे खोदाईचा चुरा तेलमिश्रित चिखलासह तळाशी साचत गेला. तळातील जीवांच्या किती जाती उरल्या एवढेच मोजले, तेव्हा हानी विहिरींच्या आसपासच दिसली. १९९० साली प्राध्यापक जॉन ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या जाती घटल्या व कोणत्या वाढल्या, याची एकत्रित तुलना केली. आणि बदलाच्या खुणा सुमारे ३ किलोमीटरपर्यंत आढळल्या. समुद्र तोच, जीवही तेच. मोजपट्टी बदलली आणि निवाडा बदलला. हा दोष एकट्या खनिजांचा नव्हता, तेलाचा वाटा मोठा होता. पण न विरघळणारे बेरियमच येथे साक्षीदार ठरते. तळाच्या मातीत ते नेहमीपेक्षा अधिक आढळले, की खोदाईचा चिखल तेथवर पोचला असे समजावे.

१९९३ साली अमेरिकेने समुद्रातील खोदाईच्या बराइटला मर्यादा घातली : किलोमागे पारा १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅम.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथे बराइटचा प्रचंड साठा आहे, आणि मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ साली तेल लागले.

माझ्यासारख्या सरकारी नोकराच्या मेजावर 'प्रदूषण मर्यादेत आहे' असे वाक्य आले, की सही करण्याचा मोह होतो. परंतु त्यापूर्वी दोन प्रश्न विचारावयास हवेत : कोणत्या मोजपट्टीने मोजले? आणि खोदाईपूर्वी तेथे काय होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेळीच नोंदले नसेल, तर ते पुढे कोणत्याही खर्चाने मिळत नाही.