अ‍ॅल्युमिनियमच्या दाराला बिजागरीपाशी फोड आले? नुसता रंग मारू नका, आधी कारण समजून घ्या

पिकअपची बंद बॉडी, दुधाचा किंवा मासळीचा टेम्पो, शाळेची जुनी बस... अशा अनेक गाड्यांच्या दारांना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो. 'अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही' म्हणून गाडीमालक निर्धास्त राहतो. पण दोन-तीन पावसाळे गेले की दाराच्या बिजागरीभोवती रंगाला बारीक फोड येतात. फोड फोडला तर आतून पांढरी भुकटी पडते. पेंटरकडून ठिगळ मारून घेतलं, तरी पुढच्या पावसाळ्यात फोड पुन्हा त्याच जागी हजर.

दरवर्षी रंगावर पैसे जातात आणि दुखणं आत वाढत राहतं. शेवटी बोल्टची भोकं मोठी होतात, बिजागरी हलू लागते आणि दार लोंबकळतं. चालत्या गाडीचं दार निसटलं तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

आधी ओळखा: पत्रा कोणता, गंज कोणता?

दाराला साधं लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर पत्रा लोखंडी. नाही चिकटलं तर बहुतेक अ‍ॅल्युमिनियम. काही दारांची आतली चौकट लोखंडी आणि वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, म्हणून दोन-चार ठिकाणी लावून बघा.

- तांबूस-तपकिरी गंज दिसला, तर तो लोखंडाचा, म्हणजे बिजागरीचा, बोल्टचा किंवा आतल्या चौकटीचा.
- पांढरी किंवा राखाडी भुकटी निघाली, तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातंय.
- रंगाखाली गांडुळासारख्या बारीक वळवळत्या रेषा दिसल्या, तर पत्र्याची झीज रंगाच्या आडून पुढे सरकते आहे.
- दार उघडून वर-खाली हलवा. बिजागरीपाशी 'खट' असा आवाज आला, तर भोकं मोठी झाली असण्याची शक्यता आहे. मात्र बिजागरीची पिन झिजली तरी असाच आवाज येतो. नेमकं काय हलतंय ते बोट लावून बघा.

बिजागरीपाशीच का?

अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की त्यावर एक अतिशय पातळ, घट्ट थर आपोआप तयार होतो. हाच थर त्याला वाचवतो. पण बिजागरीपाशी तीन गोष्टी एकत्र येतात: पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, बिजागरी आणि बोल्ट लोखंडी, आणि दोघांच्या फटीत अडकलेलं पाणी.

टॉर्चचे जुने साधे सेल आठवा. सेल संपत आला की बाहेरचं जस्ताचं डबडं खाल्लं जातं आणि चिकट पाणी सुटतं. वीज तयार होण्यासाठी त्यातलं जस्त खर्ची पडतं. बिजागरीपाशीही असाच एक छोटा सेल तयार होतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओल, अशी स्थिती असली की दोघांपैकी एक खाल्ला जातो आणि दुसरा वाचतो. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम या जोडीत खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनियम.

खाल्लेल्या धातूची जी पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. तिला जागा मिळत नाही, म्हणून ती वरचा रंग ढकलते. तोच आपल्याला दिसणारा फोड.

त्यातच दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं-मिटतं. बिजागरीच्या कडेला रंग घासला जातो, बोल्ट आवळताना वायसरखाली कापला जातो. पाण्याला तेवढी वाट पुरते.

हे दुखणं जुनं आहे

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. तेव्हा १९४८ साली आलेल्या लँड रोव्हर गाडीची बॉडी मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. त्या घराण्यातल्या जुन्या डिफेंडर गाड्या सांभाळणाऱ्यांना दाराच्या बिजागरीभोवतीचे फोड आणि पांढरी भुकटी आजही चांगलीच परिचयाची आहे. आपल्याकडे एसटीच्या लाल गाड्यांची बॉडीही अनेक वर्षं अ‍ॅल्युमिनियमची होती, पोलादी बॉडी नंतर आली.

कोणत्या मालाने त्रास वाढतो?

मीठ: कोकणातली खारी हवा, मासळीच्या क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारट पाणी हे सगळ्यात वाईट. मीठ पत्र्याचा संरक्षक थर फोडतं आणि खारट पाण्यातून वीजही सहज वाहते.

खतं: पोटॅश (एमओपी) हा मिठासारखाच क्लोराइडचा क्षार. फाटक्या गोणीतून सांडलेलं खत हवेतली ओल ओढून घेतं आणि दाराच्या खालच्या फटीत चिखलासारखं बसतं.

मोरचूद आणि चुना: द्राक्ष, सुपारी, नारळाच्या बागेत बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचुदात तांबं असतं. ते ओल्या अ‍ॅल्युमिनियमवर बसलं की तिथे खोल खड्डे पडतात. चुना स्वतःही अ‍ॅल्युमिनियमला खातो. फवारणीचे ड्रम ज्या गाडीतून जातात, तिच्या बिजागऱ्यांकडे म्हणून जास्त लक्ष हवं.

सिमेंट: ओलं सिमेंटही चुन्यासारखंच वागतं. दारावर सांडलं तर वाळायच्या आधी धुवा.

नुसत्या रंगाने का भागत नाही?

बिजागरी न काढता वरून घासून रंग मारला, तर बिजागरीच्या मागची ओल, मीठ आणि भुकटी जागच्या जागी राहते. सेल बंद झालेला नसतो, फक्त झाकला जातो.

दुसरी चूक यापेक्षा मोठी आहे. अनेक जण पत्र्याला छान रंग देतात आणि बिजागरी तशीच उघडी ठेवतात. अशा वेळी पत्र्याच्या रंगावर एखादा ओरखडा पडला की उघड्या लोखंडाचा सगळा मारा त्या ओरखड्याएवढ्या जागेवर येतो आणि तिथे पटकन खड्डा पडतो. म्हणून लक्षात ठेवा: रंग पत्र्याला हवाच, पण बिजागरीलाही सगळ्या बाजूंनी हवा. आणि दोघांच्या मध्ये वीज न जाऊ देणारं काहीतरी हवं.

दुरुस्ती कशी करावी?

काम कोरड्या दिवसांत काढा. एप्रिल-मे उत्तम.

१. दाराला आधार द्या. दाराखाली लाकडी ठोकळा लावा, एक माणूस धरायला ठेवा. बिजागरीची जागा खडूने किंवा पेनाने आखून घ्या, म्हणजे परत बसवताना दार वाकडं होणार नाही. एका वेळी एकच बिजागरी काढली तर अजून बरं.

२. बोल्ट सावकाश सोडवा. अडकलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल टाका आणि थांबा, गरज पडली तर रात्रभर. गॅसने तापवू नका. लोखंड तापलं की लाल होतं, अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता एकदम खचतं. ते सुमारे ६६० अंश सेल्सिअसलाच वितळतं. त्याआधीच पत्र्याची ताकद गेलेली असते.

३. चांगला धातू लागेपर्यंत घासा. फोडाच्या कडेपर्यंतच थांबू नका, त्याच्यापुढे दोन बोटं जा. आधी ८० नंबर, मग १८०, शेवटी ३२० नंबरचा पॉलिश पेपर वापरा. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका. त्याचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कण नवा सेल सुरू करतो. नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा लावा.

४. धुवा आणि वाळवा. गोड्या पाण्याने खड्ड्यांतली भुकटी आणि मीठ काढा. नीट वाळल्यावर स्वच्छ फडक्याने थिनर फिरवा. त्यानंतर त्या जागेला उघडा हात लावू नका, घामातही मीठ असतं.

५. पत्रा तपासा. वरवरचे खड्डे असतील तर पुढच्या पायरीला जा. भोक मोठं झालं असेल किंवा पत्रा कागदासारखा पातळ झाला असेल, तर तिथे लांबी (पुट्टी) भरून चालणार नाही. लांबी दाराचं वजन पेलत नाही. आतून अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी लावून घ्या किंवा अर्गन वेल्डिंग येणाऱ्याकडे जा.

६. योग्य प्रायमर मारा. इथेच बहुतेकांचं चुकतं. तांबडा रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतो, अ‍ॅल्युमिनियमवर तो नीट धरत नाही. दुकानात 'अ‍ॅल्युमिनियमला चालणारा एच प्रायमर किंवा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर' असं स्पष्ट मागा. एकावर एक दोन्ही मारायचे असतील, तर ते एकमेकांना चालतात का, हे डब्यावर वाचा. पिवळा झिंक क्रोमेट जुना आणि चालणारा आहे, पण त्यातलं क्रोमेट शरीराला घातक आहे. त्याची धूळ आणि फवारा नाकात जाऊ देऊ नका. पत्रा घासल्यावर त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे.

७. बिजागरी वेगळी रंगवा. तांबडा गंज काढा, लोखंडाचा प्रायमर द्या, वर रंग द्या. मागची बाजू, कडा आणि भोकांच्या आतली बाजू विसरू नका. जमल्यास जस्ताचा मुलामा दिलेली बिजागरी बसवा. तिच्यावरचं जस्त अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखं खात नाही.

८. मध्ये गास्केट घाला. बिजागरीच्या आकाराचा एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तुकडा पुरतो. ऑइलच्या रिकाम्या कॅनचा जाड तुकडा स्वच्छ धुऊन कापला तरी चालतो. बोल्टला नायलॉनची वायसर आणि भोकात प्लास्टिकची नळी घाला, नाहीतर बोल्टमधूनच दोन्ही धातू जोडले जातात.

९. सीलंट लावा. बिजागरीच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सीलंट भरा. खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे चुकून आत गेलेलं पाणी बाहेर पडेल. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल धातूला बाधतं. 'न्यूट्रल' लिहिलेला सिलिकॉन किंवा पीयू सीलंट घ्या.

१०. रंग पूर्ण कडक झाल्यावरच बोल्ट आवळा. ओल्या रंगावर आवळलं की वायसर रंग कापते आणि सगळी मेहनत वाया जाते.

हे टाळा

- बिजागरीखाली कापड, पुठ्ठा किंवा स्पंज. पाणी धरून ठेवतात.
- टायरच्या ट्यूबचा तुकडा. काळ्या रबरात काजळी असते, काही रबरांतून त्यामुळे थोडी वीज जाऊ शकते. साधं प्लास्टिक बरं.
- कॉस्टिक सोड्याने रंग काढणं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला थेट खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो.
- तांब्याची भुकटी असलेलं ग्रीस. बोल्टला साधं ग्रीस लावा.

गॅरेजवाल्याला हे तीन प्रश्न विचारा

'बिजागरी काढून काम करणार का?' 'अ‍ॅल्युमिनियमचा प्रायमर कोणता मारणार?' 'मध्ये गास्केट घालणार का?' यातल्या एकाचंही उत्तर 'त्याची काही गरज नाही' असं आलं, तर पैसे देण्याआधी विचार करा. तीनही कामं होणार असतील तर खर्च थोडा जास्त येईल, पण दरवर्षीचं ठिगळ वाचेल.

नेहमीचे प्रश्न

*स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावले तर?* स्टेनलेस स्वतः गंजत नाही, पण ओल असली तर शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमला खातं. मोठ्या पत्र्यात छोटे बोल्ट चालतात, मात्र नायलॉनची वायसर आणि सीलंट हवंच. उलट लोखंडी पट्टीत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक रिव्हेट मारू नका, ते लवकर संपतात.

*पावसाळा सुरू झाला आणि आत्ता फोड दिसले, काय करू?* ओल्या पत्र्यावर रंग मारू नका. जागा गोड्या पाण्याने धुवा, कोरडी करा, बिजागरीच्या कडेला साधं ग्रीस लावून पाणी अडवा. पक्कं काम उघडीप मिळाल्यावर करा. बिजागरी हलत असेल तर मात्र थांबू नका, गाडी उभी करून आधी ती पक्की करून घ्या.

*नवीन गाडीची बॉडी बांधून घेतोय, काय सांगू?* बिजागरी बसवण्याआधी दोन्ही भाग वेगवेगळे रंगवायला आणि मध्ये प्लास्टिक घालायला सांगा. बांधतानाच केलं तर हे काम सगळ्यात स्वस्त पडतं.

वर्षातून दोनदा एवढं करा

पावसाळ्याआधी एकदा आणि खंडेनवमी-दसऱ्याला गाडी धुतो तेव्हा एकदा, सगळी दारं पूर्ण उघडून बिजागऱ्या बघा. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. मासळी, खत किंवा फवारणीचा माल वाहिला असेल तर त्याच दिवशी बिजागऱ्यांच्या फटीत गोडं पाणी मारा. ओरखडा दिसला तर लगेच प्रायमरचा ठिपका द्या आणि वर रंग लावा.

मुगाएवढा फोड असताना पॉलिश पेपर, प्रायमर आणि प्लास्टिकच्या तुकड्यावर काम निभावतं. तोच फोड रुपयाच्या नाण्याएवढा झाला की वेल्डिंगवाला शोधावा लागतो.