धर्माच्या रकान्याची कुळकथा

महाशिवरात्रीला सातपुड्यातल्या तोरणमाळच्या पठारावर गोरक्षनाथाची यात्रा भरते. याच डोंगरांतल्या पावरा आदिवासींच्या घरी नवस फेडायचा असला की इंदलची पूजा मांडतात. कळमाच्या झाडाच्या फांद्या आणून रोवतात. वाघदेवाला नैवेद्य असतो, याहा मोगी देवीचं नाव घेतलं जातं. एकाच माणसाला हे सगळं चालतं. पेच पडतो तो पोरगं शाळेत घालताना, कारण अर्जात 'धर्म' या शब्दापुढे जागा एवढीशीच असते.

हा रकाना आला खानेसुमारीतून. एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या गणनांमध्ये आदिवासींसाठी 'मूळनिवासी' अशा अर्थाचा वेगळा वर्ग होता. 1891 च्या गणनेचे आयुक्त बेन्स हे मुंबई इलाख्यात मुरलेले अधिकारी. त्यांच्या गणनेपासून 'अॅनिमिस्ट', म्हणजे निसर्गातल्या वस्तूंत जीव मानणारे, हे लेबल रूढ झालं. सातपुड्यातल्या कुणी स्वतःला कधी तसं म्हणवून घेतलं असेल, हे संभवत नाही. 1921 मध्ये मुंबई इलाख्याच्या गणनेचे प्रमुख सेजविक यांनी हा वर्गच मोडून त्यातली माणसं हिंदूंत धरावीत, असं लिहिलं. पुढच्याच गणनेत आयुक्त हटन यांनी या वर्गाला 'जमातींचे धर्म' असं नाव दिलं. 1943 मध्ये मुंबई विद्यापीठातले गो. स. घुर्ये यांनी आदिवासींना 'मागासलेले हिंदू' ठरवलं. वाद साहेबांचा आणि प्राध्यापकांचा. आईबापांना त्यात कुणी काही विचारल्याचं दिसत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी तेव्हा निराळंच चाललं होतं. 1938 च्या सुमारास तळोदा भागात गुला महाराजांनी दारू सोडा, आंघोळ करा, आरती करा, असं सांगितलं. एकमेकांना 'आप' म्हणायची रीत पडली आणि चळवळीला तेच नाव मिळालं. ही भक्ती घराघरांत शिरली, पण कागदावर तिच्यासाठी जागा नव्हती.

2011 च्या गणनेत हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन या सहांनाच संकेतांक होते. इतरांनी नाव लिहून द्यायचं. 'इतर धर्म' या सदरात देशभर सुमारे 79 लाख माणसं निघाली, त्यांत झारखंड आणि आसपासचे सरना हा आदिवासी धर्म मानणारेच निम्म्याहून जास्त.

राज्यघटना मात्र आईबापांना विचारते. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत अल्पवयीन मुलाला धर्मशिक्षणात किंवा प्रार्थनेत बसवायचं, तर अनुच्छेद 28 (3) नुसार पालकाची संमती लागते. सरकारी अर्जात धर्म सांगायची सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं.

तरी या भागात हा रकाना सहसा कुणी कोरा ठेवत नाही, आणि त्याचं कारण व्यवहारी आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला धर्माची अट नाही; पण जात पडताळणीत आजा-पणजाच्या 1950 पूर्वीच्या शालेय नोंदीला मोठं वजन असतं. जुन्या नोंदवह्यांत 'हिंदू भिल्ल' अशी जोडनोंद सर्रास आढळते. 'भिल्ल' हवं असल्याने 'हिंदू'ला कुणी हात लावत नाही.

याच पडताळणीत आप्तभाव चाचणीही असते. तीत अर्जदाराला कुळाचे देव, लग्नातले आणि मर्तिकातले विधी विचारतात. म्हणजे शाळेच्या कागदावर न मावलेला वाघदेव इथे पुरावा म्हणून लागतो. ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. ती घेणं मात्र बंद झालेलं नाही.