खुडूक कोंबडी आणि आपले परसदार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे आणि लढाया उभ्या राहतात. पनवेलकरांच्या तर उशाशीच कर्नाळ्याचा सुळका आहे. परंतु आपल्या परसदारालाही इतिहास असतो आणि तो बव्हंशी बायकांनी घडविलेला असल्यामुळे कोणी लिहून ठेवीत नाही. त्यातील एक प्रकरण खुडूक कोंबडीचे. घरात कोणी तोंड पाडून बसले की ‘खुडूक कोंबडीसारखी काय बसलीस?’ असे आपण सहज बोलतो. पण ज्या कोंबडीवरून हे बोलणे निघाले, ती बिचारी आळशी मुळीच नसते.

गावठी कोंबडी दहापंधरा अंडी घालते आणि मग एके दिवशी तिचे लक्षण पालटते. पिसे फुलवून ती खोक्यात बसून राहते, हात लावावा तर टोचते, घशातल्या घशात कुडकुडते आणि अंडी घालणे बंद करते. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या जागेवरच बसते. ज्या घरी पिल्ले हवी आहेत तेथे हे शुभवर्तमान. ज्या घरी रोजचे अंडे हवे आहे तेथे ही पीडा. कोंबडीपालनाचा सगळा इतिहास या दोन इच्छांच्या ओढाताणीत सापडतो असे मला वाटते.

कोंबडी माणसाळली कोठे, यावर पुष्कळ वाद झाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे मध्य थायलंडातील बान नॉन वाट येथे मिळाली. काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५०. माणूस धान्य पिकवू लागला, विशेषतः भात, तेव्हा त्या दाण्यांच्या ओढीने लाल रानकोंबडी वस्तीजवळ आली, असे या संशोधकांचे म्हणणे. आपण भातखाचरांच्या मुलखातली माणसे, आपल्याला हे पटायला वेळ लागू नये! आणखी एक गंमत अशी की, पुष्कळ कोंबड्यांचे पाय पिवळे असतात तो रंग लाल रानकोंबडीकडून आलेला नाही. तो करड्या रानकोंबड्याचा वारसा आहे, हे २००८ साली सिद्ध झाले. आणि हा करडा कोंबडा आपल्या सह्याद्रीच्या रानात आजही आरवतो.

आता रवणीची गोष्ट. खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसविणे याला कोकणात ‘रवणीला बसविणे’ म्हणतात. आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर, मुसलमान, ज्यांच्या घरी कोंबडी चालते अशा सर्व घरांतल्या बायकांना ही विद्या येत असे. टोपलीत राख किंवा माती, तिच्यावर पेंढा, त्यावर कोंबडीच्या पंखाखाली मावतील तेवढीच, म्हणजे दहाबारा अंडी. अधिक घातली की कडेची थंड पडतात आणि लोभापायी सगळीच रवण बिघडते. अंडी ताजी हवीत आणि कळपात कोंबडा हवा. बसविणे रात्री, कारण अंधारात कोंबडी जागा सोडीत नाही. टोपलीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवीत, म्हणजे विजेच्या कडकडाटाने अंडी नासत नाहीत असा समज. त्यात तथ्य नाही. पण ऐन उन्हाळ्यात रवण घालू नये हा रिवाज मात्र शहाणपणाचा, कारण उकाड्यात साठविलेल्या अंड्यातला जीव अर्धवट जागा होतो आणि मरतो. पाऊस सरून थंडी लागली की रवणीचा खरा हंगाम. सातव्या रात्री दिव्यासमोर अंडे धरून शिरा दिसतात का ते पाहायचे आणि फोल निघतील ती काढून टाकायची. कोंबडी दिवसातून एकदा उठून दाणापाणी उरकते, अंडी चोचीने स्वतःच फिरविते आणि एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव ऐकू येते. बदकाची अंडी ठेवली तर अठ्ठावीस दिवस. सावत्र आईला त्याची तक्रार नसते.

या एकवीस दिवसांच्या मागे पैसा होता. गाय-बैल घरधन्याचे, पीक सावकाराचे, पण कोंबडी बाईची. तलंग अर्धेलीने दिली की पिल्लांत वाटा मिळे. औषधपाणी, वही-पेन्सिल, पाहुण्याचे जेवण त्यातून निघे. खुडूक कोंबडी म्हणजे कोणाकडे हात न पसरता भांडवल वाढविण्याचा बाईचा कारखानाच म्हणा ना!

तिची खुडकी मोडायची झाली तर उपाय निराळे. कोणी गार पाण्यात बुडवीत, कोणी डालग्याखाली कोंडीत, आणि काही ठिकाणी नाकपुडीतून पीस ओवीत. हा शेवटचा प्रकार निव्वळ क्रूरपणा आहे आणि तो बंद झालेलाच बरा. खुडकीचे कारण शास्त्रज्ञांना बऱ्याच उशिरा कळले. १९३५ साली अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोलॅक्टिन नावाचा शरीरातला रस टोचून कोंबड्यांना खुडूक करून दाखविले. हा रस आपल्यालाही परका नाही, लेकुरवाळीला दूध येते ते याच्यामुळेच. कोंबडीच्या पोटाला ऊब मिळत राहिली की तो वाढत राहतो. म्हणून अंडी रोज उचलावी, तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या खुराड्यात तीनचार दिवस ठेवावी, दाणापाणी मुळीच तोडू नये. गार पाण्याच्या आंघोळीत थोडे तथ्य होते ते एवढेच.

कोंबडीवाचून अंडी उबविण्याची खटपट मात्र फार जुनी. मिसर देशात मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवीत आणि कारागीर अंडे पापणीला लावून उष्णता ओळखीत. फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७४९ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. १८७९ साली कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे यंत्र निघाले. यंत्र आल्यावर खुडकी हा गुण राहिला नाही, दोष ठरला. खुडूक होणाऱ्या कोंबड्या वगळीत वगळीत पांढऱ्या लेगहॉर्नसारखी जात पक्की झाली. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी, पण आपल्या अंड्यावर बसणे ती विसरली. आपल्याकडे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली आणि अंडे स्वस्त व घरोघरी झाले. हा लाभ लहान नव्हे, मुलांच्या तोंडी अंडे गेले. पण वर्षाला पन्नाससाठ अंडी देणारी गावठी कोंबडी हिशेबात मागे पडली आणि तिच्याबरोबर बाईचा तो कारखानाही.

पनवेलीत तर परसदारच गेले. १९७० साली सिडको स्थापन झाली, खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. जमिनीसाठी १९८४ साली जासईला गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे विमानतळासाठी उलवे, कोपर, चिंचपाडा अशा गावांतली घरे उठली. मोबदल्याच्या यादीत घर, जमीन, झाड यांचा हिशेब होतो. रवणीला बसलेल्या कोंबडीचा कसा व्हावा?

तरीही आजूबाजूच्या गावांत व वाड्यांवर कोंबड्या आहेत. त्यांच्या मालकिणींनी मानमोडीची लस चुकवू नये, हे आवर्जून सांगावेसे वाटते. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू आढळला होता. एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर लपवू नये, गुरांच्या दवाखान्यात कळवावे. आणि ज्यांनी वनराज, गिरिराज अशा सुधारित जातींची एक दिवसाची पिल्ले आणली असतील त्यांनी एखादी गावठी खुडूक कोंबडी हाताशी ठेवावी. दोनतीन आठवडे तिला अंड्यांवर बसू द्यावे, मग रात्री अंधारात अंडी काढून घेऊन पिल्ले एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवावीत. सकाळी ती त्यांना आपलीच समजून दाणे टिपायला बाहेर काढते, आणि वर घार दिसली की हाक मारून पोटाखाली घेते.