पायजम्याची बखर

इतिहास लिहायला लढाया लागतात, निदान एखादा तह तरी लागतो, असा माझा शाळेपासूनचा समज. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन्ही झाले, आणि तेही एका पायजम्यावरून. म्हणून ही बखर. (आमच्या वलगावात बखर म्हटले की लोकांना आधी शेतातला वखर आठवतो. आठवू द्या. जमीन उकरण्याचेच काम आहे.)

आबा, म्हणजे माझे वडील, पंच्याऐंशीचे. दसऱ्यानंतर अंगणात पाय घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. अमरावतीला ऑपरेशन झाले, हाड जुळले, हातात चार पायांचा वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, सगळे चालेल, फक्त धोतर नको. आता जन्मभर धोतर नेसलेल्या माणसाला धोतर नको म्हणणे म्हणजे बैलाला शिंगे काढून ठेव म्हणण्यासारखे. आबांनी मान हलवली आणि घरी येऊन धोतर नेसले.

पाच वार कापड, वॉकरचे चार पाय आणि आबांचे दोन, इतक्या गोष्टी एका न्हाणीच्या वाटेवर मावत नाहीत. दोनदा कासोटा वॉकरच्या पायात आला. मग रात्री उठायचे झाले की आबा मला हाक मारू लागले. मी निऱ्या सावरायच्या, कासोटा धरायचा, आणि दोघांनीही दुसरीकडे पाहायचे. चार दिवसांनी त्यांची हाक बंद झाली. मला वाटले, प्रकृती सुधारली. सौ.च्या लक्षात आले की आबांचा संध्याकाळचा तांब्या सकाळी भरलेलाच असतो. मुलाला उठवावे लागू नये म्हणून म्हातारा दुपारपासून पाणीच पीत नव्हता.

तेव्हा पायजमा अटळ झाला. मी बाजारातून तयार सुती पायजमा आणला. त्याला नाडा होता. थरथरत्या बोटांना नाडा म्हणजे काय शिक्षा असते ते ज्याचे त्यालाच ठाऊक. एकदा निरगाठ बसली, एकदा नाड्याचे टोक नेफ्यात गडप झाले, आणि रात्री दोन वाजता मी सेफ्टी पिन घेऊन आबांच्या कमरेशी पुरातत्त्व संशोधन करीत होतो.

अशा वेळी सौ.ला माळ्यावरची पिशवी आठवली. आमचा भाचा तमिळनाडूत तिरुप्पूरला एका होजिअरीच्या कारखान्यात आहे. बनियन आणि टी-शर्ट कापून उरलेले तुकडे तिकडे किलोवर मिळतात. त्याने दिवाळीला चार किलो आणून दिले होते, "मामी, पुसायले कामी येतील" म्हणून. या तुकड्यांपुढे मला जरा गंभीर व्हावेसे वाटले. वऱ्हाडाचा कापूस आणि वऱ्हाडी माणसाचे अंग यांची थेट भेट फार दिवसांत झालेली नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, तेव्हा साहेबाला आमची काळी माती दिसली. इथून गाठी गेल्या, तिकडून कापड आले. आता गाठी दक्षिणेतल्या सूतगिरण्यांकडे जातात. एका गाठीत १७० किलो रुई असते. त्यातली चार किलो चिंध्या होऊन का होईना वलगावला परत आली, हे मी सौ.ला समजावून सांगितले. ती म्हणाली, "आधी त्या माळ्यावरून उतरा."

नुसती पायजमा ही चीजही पाहा. शब्द फारसी, पा म्हणजे पाय आणि जामा म्हणजे कपडा. अचलपूरला १४९० ते १५७४ इमादशाही होती, तेव्हा आमच्याकडे फारसी शब्दांना दूरचा प्रवास करावा लागला नाही. पुढे इंग्रजांनी हिंदुस्थानातून पायजमा आणि त्याचे नाव, दोन्ही उचलले आणि घरी नेऊन तो झोपताना घालायला सुरुवात केली. ज्या वस्तूत आपली माणसे लग्नाला जात, तीत त्यांनी घोरायचे ठरवले. हे त्यांचे धोरण पुढे आमच्या उपयोगी पडले, ते येईलच.

पिशवी घेऊन मी शिंप्याकडे गेलो. त्याने एक तुकडा दोन्ही हातांनी ओढला, सोडला, पुन्हा ओढला आणि माझ्या हातात दिला. "काकाजी, हे कापड नाई, रबर हाय. माह्या मशीनवर नाई बसत."

त्याचे चूक नव्हते. साध्या कापडात उभा आणि आडवा असे दोन धागे असतात, आणि दोघेही जावईबापूंसारखे ताठ. होजिअरीत एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात. ओढले की फासा लांबतो, सोडले की जागेवर येतो. अशी विणाई यंत्रावर करण्याची युक्ती १५८९ साली इंग्लंडात विल्यम ली याने काढली. सांगतात की एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट नाकारले, कारण हाताने मोजे विणणाऱ्या गोरगरिबांच्या पोटावर पाय येईल. बिचारा शेवटी फ्रान्सात गेला आणि तिकडेच वारला. सिंगरचे शिलाई यंत्र १८५१ चे, ते सरळ टीप मारणारे. म्हणजे कापड ताणणार आणि टीप ताणणार नाही. हा संसार टिकायचा कसा?

पहिल्या पायजम्याने याचे उत्तर दिले. सौ.ने माझा जुना पायजमा उसवून वर्तमानपत्रावर ठेवला, पेन्सिल फिरवली आणि लग्नातल्या मशीनवर दोन तासांत नवा शिवला. चाचणीसाठी मला घालायला लावला. मी उकिडवा बसलो मात्र, तडतडतडतड असा आवाज झाला. शेजारच्या मुलाने विचारले, "काका, लवंगी उरली का?"

दुसऱ्या खेपेस तिने शास्त्र हाती घेतले. कापड कोणत्या बाजूला जास्त ताणते ते पाहिले आणि ती बाजू आडवी, कमरेच्या घेराकडे घेतली. प्रत्येक पाय एका अखंड तुकड्याचा, म्हणजे बाहेरच्या अंगाला शिवणच नाही. खुब्याच्या टाक्यांना काही टोचायला नको. मागची बाजू पुढच्यापेक्षा दोन इंच उंच, म्हणजे वाकले तरी पाठ उघडी पडत नाही. अमरावतीहून गोल टोकाची सुई मागवली, कारण टोकदार सुई फासाच तोडते आणि मग तिथून शिडी उतरत जाते. शिवताना कापड पुढून-मागून सारखे थोडे ताणून धरायचे, म्हणजे सोडल्यावर टिपेत ढील राहते. शेजारी शेजारी दोन टिपा. आणि आसनाची शिवण, जिथे माझा इतिहास घडला होता, ती सगळी हाताने, उलट्या टिपेची. कडा दुमडायची गरज नव्हती. हे कापड कापले की सुटत नाही, नुसते पापडासारखे गुंडाळते. कमरेला नाडा नाही, रुंद इलॅस्टिक.

एक अडचण राहिली. अख्खा पाय निघेल एवढे मोठे तुकडे दोनच होते. एक निळा, एक पोपटी.

आबांनी पायजमा वॉकरवर टांगून दोन मिनिटे पाहिला. "सूनबाई, मले पोळ्याचा बैल समजून राह्यली काय?"

सौ.ने आपला हुकमी पत्ता काढला. हे गाव साधे नाही. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथे, वलगावला, पेढी नदीजवळ, अमरावतीला नेत असताना वाटेत. आबा तेव्हा सोळा वर्षांचे. अमरावतीच्या रस्त्याला लागलेली माणसांची रीघ त्यांनी पाहिली आहे, आणि त्याआधी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून कीर्तनही ऐकले आहे. बाबांच्या अंगावर नाना रंगांच्या चिंध्यांचे वस्त्र असे. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. कोणी पाया पडायला आले की बाबा काठी उगारत, हा आबांचा आवडता किस्सा.

"मामाजी," सौ. म्हणाली, "गाडगेबाबांच्या अंगावर त किती रंगाचे तुकडे होते. इथं दोनच हायेत."

आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाबाची बरोबरी नको करू बापा. त्यांनी घरदार सोडलं होतं. म्या नुसतं धोतर सोडून राह्यलो, तरी मले जड जाते."

यावर आम्हा दोघांनाही उत्तर सुचले नाही. सौ. स्वयंपाकघरात गेली, आणि मी इंग्रजांच्या इतिहासाला शरण गेलो. म्हटले, आबा, साहेबसुद्धा पायजमा दिवसा घालत नाही. झोपताना घालतो. खोलीचे दार लावून. दिवसा माणसे येतात तेव्हा खुर्चीत बसून धोतरच नेसा, मी नेसवीन. आबांनी विचारले, "साहेब असं करे?" मी म्हटले, अजून करतो. तह झाला.

त्या रात्री त्यांनी तांब्याभर पाणी प्याले. दोनच्या सुमारास मला वॉकरची टकटक ऐकू आली, न्हाणीचा दिवा लागला, बऱ्याच वेळाने विझला, टकटक परत गेली. मी उठून बसलो होतो. सौ.ही जागी होती. पण बाहेर जायचे नाही, असे तिने अंधारातच माझा हात धरून सांगितले.

सकाळी चहा घेताना आबा पायजम्यातच बाहेर आले. एक पाय निळा, एक पोपटी. दूधवाला पाहत होता. आम्ही धास्तावलो. आबांनी दोन्ही मांड्यांवरून हात फिरवला आणि सौ.कडे पाहून जरबेने विचारले, "खिसा कोठी हाय?"

अडकित्ता, सुपारी, चुन्याची डबी एवढे वजन होजिअरीच्या खिशात घातले तर तो गुडघ्यापर्यंत लोंबेल, हे आता मलाही कळत होते. खिशाला न ताणणारे कापड हवे. सौ. पाहत राहिली. आबाच म्हणाले, "माह्या त्या जुन्या धोतराचं लाव. फाडून टाक. नऊवारी नाई ते, जपून ठेवाले."