स्कॉटांच्या वर्गात इंग्रजी

तुम्ही कांजूरला उभे आहात, पण स्टेशन गायब. साल १८९५, माघाचं ऊन. पूर्वेला खाडीपर्यंत मिठागरं, त्यांत घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभे राहून आगरी गडी मीठ ओढताहेत, एकमेकांना हाका मारताहेत. रूळ आहेत, १८५३ पासूनचे. गाडी धरायची तर भांडुपपर्यंत चाला.

बोरीबंदरला उतरून ट्रामनं, मग पायी गिरगाव चौपाटी. समोर विल्सन कॉलेजची नवीकोरी इमारत, सहाच वर्षांची. कॉलेज काढणारे जॉन विल्सन स्कॉटिश, आताचे प्राचार्य मॅकिकन स्कॉटिश. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसा. शिकवणाऱ्या साहेबाचा 'र' चांगला खणखणीत, मराठी कानाला घरचा वाटावा असा. शेजारचा पगडीवाला बाकाखाली वॉल्टर स्कॉटची कादंबरी वाचतोय. त्याच्या लेखी शेक्सपिअर काय, स्कॉट काय, सगळे साहेबच. स्कॉटलंड हा वेगळा देश आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं खरं तर.

कारण इंग्रजी साहित्य हा विषय विद्यापीठात आणला तोच मुळी स्कॉटांनी. आणखी मागे चला, १७६२, एडिंबरा. ह्यू ब्लेअर नावाचा पाद्री 'रेटॉरिक आणि बेल लेत्र', म्हणजे वक्तृत्व आणि ललित साहित्य, या विषयाचा प्राध्यापक झालाय. ऑक्सफर्डला इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम यायला अजून सव्वाशेच्या वर वर्षं आहेत. वर्गातली पोरं मन लावून ऐकताहेत, आणि त्याला पोटाचं कारण आहे. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड ही दोन्ही राज्यं एक झाली, सत्ता लंडनला गेली. तिथे पुढे जायचं तर बोलण्यातलं गावठी वळण जायला हवं. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानं तर टाळायच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादीच छापलीय! वर्गात तोंड सांभाळून बोलणारी ही पोरं तुम्हाला अनोळखी वाटणार नाहीत. घरी आगरी आणि शाळेत 'शुद्ध' बोलणारी मुलं तुम्ही पाहिली आहेत.

चोवीस वर्षं पुढे या. किल्मार्नॉकला रॉबर्ट बर्न्स या शेतकऱ्याचं पुस्तक निघतं, बरंचसं घरच्या बोलीत. एडिंबराचे विद्वान त्याला डोक्यावर घेतात, आणि वर काहीजण शुद्ध इंग्रजीत लिहायचा सल्लाही देतात. तो त्यानं पुरता मानला नाही, हे आपलं नशीब.

आता थेट आजच्या एडिंबरा विद्यापीठात शिरा. इथे इंग्लिश आणि स्कॉटिश साहित्य एकाच पदवीत शिकता येतं. ग्लासगोनं १९७१ पासून स्कॉटिश साहित्याचा वेगळा विभागच केलाय. नावं वेगळी करून पुस्तकं शेजारी ठेवली की हिशेब बदलतो. साध्या माणसांच्या बोलण्यातली कविता ही वर्ड्सवर्थ-कोलरिजची १७९८ ची क्रांती म्हणून आपण पाठ केली. बर्न्सचं पुस्तक १७८६ चं. वर्ड्सवर्थला हे पक्कं ठाऊक होतं. १८०३ मध्ये तो मुद्दाम डम्फ्रीजला बर्न्सच्या थडग्यापाशी गेला होता. आपल्या गाइडात तेवढं आलं नाही.