फिरत्या तंबूची मोटार



चित्रपटाच्या इतिहासांत नाशिकचें नांव येतें तें दादासाहेब फाळक्यांमुळें. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं त्यांचा जन्म झाला. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईंत लोकांपुढें आल्यावर त्यांनीं आपला कारखाना नाशिकास आणला. आणि १९४४ सालीं याच शहरांत त्यांनीं देह ठेवला. हें आपणां सर्वांस पाठ आहे. चित्र कोणीं काढलें हें आपण विचारतों. तें खेड्यापर्यंत कोणत्या वाहनानें गेलें आणि त्या वाहनाची निगा कोणीं राखली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आज त्याविषयीं बोलावयाचें आहे. विषय थोडा तेलकट आहे, हें आधींच कबूल करतों.

फिरत्या खेळाची चाल चित्रपटाहून जुनी. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें कांचेवरील रंगीत चित्रें पडद्यावर दाखविण्यास आरंभ केला. पुढें अब्दुलअल्ली इसूफअल्ली यांनीं १९०१ ते १९०७ पर्यंत पूर्वेकडील देशांत आणि १९०८ पासून हिंदुस्थानांत तंबू टाकून हलतीं चित्रें दाखविलीं. आगगाडी जेथें संपे तेथून पुढें बैलगाडीच. बैलगाडीचा एक गुण मात्र आपण विसरतां कामा नये. ती जेथें मोडेल तेथेंच दुरुस्त होई. आरा मोडला तर गांवचा सुतार, धांव सैल झाली तर गांवचा लोहार. आंसाला वंगण तर गाडीवानच घाली.

मोटार आली आणि ही सोय निम्मी गेली. निम्मी कां म्हणतों, तें पुढें कळेल.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां कित्येक गाड्या कोळशाच्या गॅसवर धांवूं लागल्या. युद्ध संपतांच लष्कराच्या जुन्या मोटारी ‘डिस्पोजल’च्या विक्रींत निघाल्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्यास मालमोटारी जुळविण्यास आरंभ केला, आणि १९५४ पासून टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्यांतून मर्सिडीझ बनावटीच्या डिझेल मालमोटारी बाहेर पडूं लागल्या. जुन्या पेट्रोल गाडीची भूक फार मोठी. म्हणून पुष्कळ मालकांनीं तिचें मूळ एंजिन काढून त्या जागीं मद्रासच्या सिंप्सन कंपनीचें पर्किन्स डिझेल एंजिन बसविलें. सांगाडा एका देशाचा, काळीज दुसऱ्या देशाचें, आणि वरचा लांकडी टप आपल्याकडील सुताराचा, अशा गाड्या त्या वेळीं रस्त्यांवर सर्रास दिसत.

तंबूवाल्याची मोटार म्हणजे त्याचें घरच. टपाच्या आंत प्रक्षेपण यंत्र बसविलेलें. गाडीची पाठ तंबूकडे करून उभी केली, कीं टपाला पाडलेल्या भोंकांतून प्रकाशाचा झोत थेट पडद्यावर जाई. दिवाळीनंतर निघालेलीं माणसें पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिच्यांतच निजत. पौषांत त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची आणि मालेगांवजवळ चंदनपुरीस खंडोबाची, चैत्रांत सप्तशृंगीची, अशा यात्रांच्या तिथि पंचांगानें ठरविलेल्या. मोटार बिघडली म्हणून यात्रा कांहीं थांबत नाहीं. ऐन यात्रेंतले चार दिवस वाटेंत गेले, तर त्यावर काढलेलें कर्ज पुढच्या वर्षावर जाई.

आतां बिघाड कोठें होई, तें पाहूं. तंबूचें कापड, लोखंडी खांब, जनित्र, फिल्मचे डबे, शिवाय माणसें, हा सर्व भार चाकांवर येतो तो पोलादी पाट्यांच्या कमानींतून. लहानमोठे पाटे एकावर एक रचलेले असतात. धक्का बसला कीं ते एकमेकांवर किंचित् घासतात, आणि त्या घासण्यांतच धक्का जिरतो. चार महिने पावसांत गाडी उभी राहिली, कीं पाट्यांमध्यें गंज भरतो. मग ते सरकत नाहींत, आणि वाटून जावयाचा ताण एका ठिकाणीं गोळा होऊन बहुधा मधल्या बोल्टाच्या भोंकापाशींच मुख्य पाटा तुटतो. ग्रॅफाइट मिसळलेलें ग्रीस पाट्यांमध्यें भरणें हें काम तासाभराचें. परंतु त्यासाठीं कमान उतरून सुटी करावी लागते, आणि आळस तेथेंच आडवा येतो.

कित्येक मालक भार पेलावा म्हणून एक जादा पाटा घालीत. त्यानें गाडी बसत नसे, हें खरें. पण ती इतकी ताठ होई कीं आंतील यंत्राचे स्क्रू वाटेंत ढिले पडत. कमान वांचवावी कीं यंत्र, हा प्रश्न अखेरपर्यंत सुटला नाहीं, आणि माझ्या मतें तो सुटण्यासारखा नव्हताच.

बसलेल्या पाट्याला पुन्हां बांक देणें हें काम मात्र लोहाराच्या भात्यापाशींच राहिलें. पाटा लाल करावयाचा, ठोकून कमान आणावयाची, तेलांत बुडवावयाचा, आणि पुन्हां बेताची ऊब देऊन त्याचा कडकपणा उतरवावयाचा. ऊब कमी पडली तर पाटा कांचेसारखा तडकतो. अधिक झाली तर पहिल्याच यात्रेंत बसतो. लोहार हें रंगावरून ओळखी. मोटारीनें गांवचा कारागीर हद्दपार केला असें जे म्हणतात, त्यांनीं हें काम पाहिलेलें नसावें.

एंजिनाची गोष्ट निराळी. डिझेलच्या पंपांतील आणि नोझलमधील फट केसाहूनही बारीक. टांकींत साचलेला पाण्याचा थेंब तेथें गेला कीं गंज धरतो आणि धूर काळा पडतो. हें भात्यापुढें सुधारत नाहीं. त्यासाठीं शहरच गांठावें लागे. पुढें नाशिकच्या सातपूर वसाहतींत ‘मायको’च्या कारखान्यांत असे नोझल तयार होऊं लागले, तोच कारखाना आज बॉश या नांवानें ओळखला जातो. सावध मालक पावसाळ्यांतही आठवड्यास एकदां एंजिन चालू करी, टांकीच्या तळाचें पाणी सोडी, आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्यानें रेडिएटरांत धरलेली खपली धुऊन काढी. कारण ती राहिली तर कसाऱ्याच्या घाटांत गाडी उकळणार, हें त्यास ठाऊक असे.

पुढें फिल्मचीच सद्दी संपली. महाराष्ट्रांतील या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं काढलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा बोलपट २०१६ सालीं फ्रान्समध्यें कान येथें दाखविला गेला, तोपर्यंत फिल्मच्या जागीं संगणकी यंत्रें येऊन चुकलीं होतीं. अवजड यंत्राबरोबर त्याला वाहणारी मोटारही कित्येकांनीं भंगारांत घातली. एंजिन वजनावर गेलें. कमानींचे पाटे मात्र लोहारांनीं वेंचून घेतले. गोदाकांठच्या उसांत तोडणीस येणाऱ्या मजुराच्या हातीं जो ‘पाट्याचा कोयता’ दिसतो, तो अशाच एखाद्या पोलादाचा असतो.